इंग्रजीतील 'व्हिंज' या शब्दाचा अर्थ आणि वापर

मूळ लेख

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना 'व्हिंज' हा शब्द ओळखीचा असेल. डब्ल्यू, एच, आय, एन, जी, ई ही त्याची अक्षरे असून 'हिंज' आणि 'फ्रिंज' या शब्दांशी त्याचे यमक जुळते. त्यामुळे 'व्हिंग' हा उच्चार चुकीचा ठरतो. मराठी अनुवादात या शब्दासाठी पुष्कळदा 'तक्रार करणे' असे वाचायला मिळते. मला हा पर्याय अपुरा वाटतो, आणि काही ठिकाणी तर तो वाक्याचा रोखच बदलून टाकतो. 'तक्रार' या शब्दातून काहीतरी बिघडले असल्याचे कळते. 'व्हिंज' या शब्दातून मात्र ऐकणाऱ्याने त्या तक्रारीचा काय निकाल लावला ते कळते, आणि तो निकाल जवळजवळ नेहमीच तक्रार करणाऱ्याच्या विरुद्ध गेलेला असतो.

शब्दाचे मूळ पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. प्राचीन इंग्रजीत 'ह्विन्सियन' असे एक क्रियापद होते आणि त्याच्या उत्तरेकडील रूपापासून हा शब्द आला. जर्मन भाषेतील 'विन्झेल्न' हा त्याचा सख्खा नातलग असून तो शब्द कुत्र्याच्या केविलवाण्या कुईकुईसाठी वापरतात. 'व्हाइन' हा त्याच घराण्यातील दुसरा शब्द. ज्या जुन्या क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ बाणासारखी वस्तू हवेतून सूं करीत जाणे असा होता. म्हणजे ही दोन्ही क्रियापदे मुळात आवाजाची आहेत. माणूस काय सांगतो आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, तो कसा आवाज काढतो आहे एवढेच त्यांत होते. शेकडो वर्षे 'व्हिंज' स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत राहिला आणि विसाव्या शतकात सर्वसाधारण ब्रिटिश इंग्रजीत पसरला. अमेरिकेत तो आजही फारसा ऐकू येत नाही. तिथे 'व्हाइन' चालतो.

वापराचे नियमही याला धरून आहेत. इंग्रजीत 'कम्प्लेंट' नोंदवता येते, दाखल करता येते, मागे घेता येते आणि तिची चौकशी होऊ शकते. 'व्हिंज' यांपैकी कशाचाही विषय होत नाही. माणूस एखाद्या गोष्टीबद्दल 'व्हिंज' करतो किंवा एखादी 'व्हिंज' करून घेतो. क्रियापद आणि नाम म्हणून तो एवढाच चालतो. असे वारंवार करणारा तो 'व्हिंजर'. शब्द अनौपचारिक असल्यामुळे अर्जात, कार्यालयीन पत्रात किंवा अहवालात त्याला जागा नाही.

हा शब्द एखाद्या समूहाचे काय करू शकतो याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा त्या देशाला मनुष्यबळ हवे होते. आर्थर कॉलवेल हे तिथले पहिले स्थलांतरमंत्री, आणि 1945 साली सुरू झालेल्या योजनेनुसार ब्रिटनमधील प्रौढ व्यक्तीला अवघ्या 10 पौंडांत जहाजाने ऑस्ट्रेलियाला जाता येऊ लागले. लहान मुलांना भाडे पडत नसे. त्या काळचे ऑस्ट्रेलियाचे धोरण गोऱ्यांपुरते होते, हेही इथे विसरू नये. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश लोक या मार्गाने तिथे पोहोचले. 'टेन पाउंड पॉम' हे नाव त्यांना त्यावरूनच मिळाले. ('पॉम' म्हणजे ब्रिटनहून आलेला माणूस. हा शब्द डाळिंबाच्या इंग्रजी नावावरून आणि 'इमिग्रंट' शब्दाशी केलेल्या यमकातून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा कैद्यांशी जोडला जाणारा संबंध ही नंतर रचलेली गोष्ट आहे.) पुढे ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांचे कुटुंबही याच योजनेतून 1966 मध्ये वेल्समधून ॲडलेडला आले होते.

जाहिरातींत या लोकांना ऊन, समुद्र आणि स्वतःचे घर दाखवले गेले होते. प्रत्यक्षात पुष्कळांना आधी वसतिगृहांत राहावे लागले. ती वसतिगृहे म्हणजे अनेक ठिकाणी लष्कराच्या धर्तीच्या, नालीदार पत्र्याच्या, अर्धगोल छपराच्या बराकी होत्या. उन्हाळ्यात त्या तापत, न्हाणीघरे सामाईक असत आणि जेवण एकत्र भोजनगृहात घ्यावे लागे. दोन वर्षांच्या आत परत जायचे झाल्यास सरकारने भरलेले भाडे फेडावे लागे आणि परतीचा खर्चही स्वतःच करावा लागे, त्यामुळे साध्या कामगार कुटुंबाला परतीची वाट बंदच होती. अशा स्थितीत माणसे बोलणारच. त्यांच्या बोलण्याला स्थानिकांनी जे नाव दिले ते म्हणजे 'व्हिंजिंग पॉम', आणि ते इतके रुजले की आजही ते दोन्ही देशांत सर्वांना ठाऊक आहे.

या जोडशब्दाने काय साधले ते पाहावे. पत्रा तापतो की नाही हा पडताळून पाहता येण्याजोगा प्रश्न होता. दोन वर्षांची अट योग्य की अयोग्य यावरही वाद घालता आला असता. परंतु बोलणारा मुळातच कुरकुरणाऱ्या जातीचा आहे असे एकदा ठरले की त्यांपैकी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देण्याची गरज उरत नाही. आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक पुढे ब्रिटनला परतले, आणि त्या परतण्याचा उपयोगही पुन्हा याच शिक्क्याला दुजोरा देण्यासाठी झाला. याच कारणासाठी या शब्दाचे मराठी रूपांतर करताना 'ब्रिटिश स्थलांतरित तक्रार करीत' असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते, कारण मूळ वाक्यात त्यांची तक्रार मान्यच केलेली नसते.

मराठीत आवाजावरून आलेले शब्द विपुल आहेत: कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट. यांपैकी 'व्हिंज'च्या सर्वांत जवळचा कोणता, आणि आपापल्या भागात आणखी कोणते शब्द वापरात आहेत, याविषयी जाणकारांनी लिहावे. इंग्रजी भाषिक देशांत राहणाऱ्यांनी तिथला आजचा वापर सांगितल्यास चर्चेला मोलाची मदत होईल.

प्रतिसाद, मेलबर्नहून

लेख आवडला. आजच्या वापराबद्दल एक भर घालावीशी वाटते. इथे कार्यालयात किंवा शेजारीपाजारी लोक स्वतःविषयीही हा शब्द मोकळेपणाने वापरतात. दोन मैत्रिणी कॉफीला भेटतात आणि निघताना एक म्हणते की बरे झाले, जरा 'व्हिंज' करून घेता आली. अशा वेळी त्यात तिरस्कार नसतो, मन हलके झाल्याचे समाधान असते. त्यामुळे हा शब्द नेहमीच अपमानकारक असतो असे मला म्हणवत नाही. तो कोण कोणाविषयी वापरतो यावर सारे अवलंबून आहे. माणूस स्वतःविषयी किंवा बरोबरीच्या मित्राविषयी वापरतो तेव्हा तो निरुपद्रवी असतो. वरिष्ठ जेव्हा हाताखालच्या माणसाविषयी किंवा इथला रहिवासी नवख्याविषयी वापरतो, तेव्हा मूळ लेखात सांगितलेला सगळा भार त्यात उतरतो.

भारतातून नव्याने आलेल्या मंडळींमध्ये, आणि त्यात आपले मराठी लोकही आले, मला एक गोष्ट सतत दिसते. हा देश कुरकुर करणाऱ्याला खपवून घेत नाही हे त्यांच्या कानावर लवकर पडते, आणि मग जिथे खरोखर तक्रार नोंदवायला हवी तिथेही ते गप्प बसतात. ठरल्यापेक्षा कमी पगार, हिशेबात न धरलेले जादा तास, सुटीच्या दिवशी न मिळालेला वाढीव दर या गोष्टी 'व्हिंज'च्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी 'फेअर वर्क ऑम्बड्समन' ही सरकारी यंत्रणा आहे आणि तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या कामगारालाही इथल्या कामगार कायद्याचे संरक्षण मिळते. शिक्षणासाठी आलेल्या मुलामुलींना मी हा फरक आवर्जून सांगते. कुठल्या तारखेला किती तास काम केले आणि त्याचे किती पैसे मिळाले हे लिहून ठेवलेले असेल, तर त्या कागदाला कोणीही 'व्हिंज' म्हणू शकत नाही.

प्रतिसाद, मालवणहून

आमच्याकडच्या एका शब्दाची इथे आठवण करून देणे आवश्यक वाटते, कारण 'तक्रार'च्या यादीत तो नेहमी घातला जातो आणि त्याचे निम्मे आयुष्य विसरले जाते. तो शब्द म्हणजे 'गाऱ्हाणे'. घाटावर गाऱ्हाणे म्हणजे कोणाविरुद्ध तरी केलेली तक्रार; गवळणी कृष्णाच्या खोड्या यशोदेला सांगतात ते गाऱ्हाणेच. कोकणात आणि गोव्यात मात्र गाऱ्हाणे देवाला घालतात. गावातला मानकरी किंवा जाणता माणूस देवळात उभा राहून 'बा देवा महाराजा' अशी साद घालतो, गावावरचे संकट, घरातले आजारपण, शेतीची चिंता एकेक करून सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला 'होय महाराजा' म्हणतात. ते ऐकताना कोणी रडतो आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. मागणाऱ्याला मागण्याचा हक्क आहे आणि ऐकणाऱ्यावर ऐकण्याची जबाबदारी आहे, हे दोन्ही त्या विधीत गृहीत धरलेले असते.

लेखात 'व्हिंज'विषयी जे म्हटले आहे त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला मला हा शब्द दिसतो. म्हणून 'व्हिंज'साठी कोणी 'गाऱ्हाणे' सुचवले तर त्याला माझा विरोध राहील. आमच्या घरांत लहान मुलाच्या बाबतीत 'पिरपिर' हा शब्द चालतो. मूल झोपेला आले की पिरपिर करते. त्याला नेमके काय हवे ते त्यालाही सांगता येत नाही. तो पर्याय मला सर्वांत जवळचा वाटतो.

प्रतिसाद, नागपूरहून

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे 'कम्प्लेंट' या बाजूने दोन गोष्टी मांडतो. फौजदारी कायद्यात हा व्याख्या केलेला शब्द आहे. एखाद्या व्यक्तीने गुन्हा केला आहे असे, दंडाधिकाऱ्याने कारवाई करावी या हेतूने, तोंडी किंवा लेखी सांगणे म्हणजे 'कम्प्लेंट'. पोलिसांचा अहवाल त्यात येत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र ती लेखीच असावी लागते. 1986 च्या कायद्यात हे होते आणि 2020 मध्ये अमलात आलेल्या 2019 च्या कायद्यातही ते कायम राहिले. मराठीत आम्ही एका ठिकाणी 'फिर्यादी' म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'तक्रारदार', आणि दोघांनाही कायद्यात निश्चित स्थान आहे.

या दोन मराठी शब्दांचा पूर्वेतिहास चर्चेच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. 'फिर्याद' फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. 'तक्रार' मुळात अरबी असून तिथे त्याचा अर्थ पुनरावृत्ती, म्हणजे तीच गोष्ट परत परत सांगणे. फारसी-उर्दूत तो वाद किंवा भांडण या अर्थाने रूढ झाला आणि मराठीत त्याला आजचा अर्थ आला. म्हणजे आवाजावरून किंवा पुनरुक्तीवरून निघालेला शब्द कायमचा हलकाच राहतो असे नाही. ज्या शब्दाला दफ्तरात जागा मिळाली, ज्याच्यावर कोणाला तरी उत्तर देणे भाग पडले, तो शब्द वर चढला. 'पिरपिर' हा शब्द कुठल्याही दफ्तरात गेला नाही.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

अमेरिकेत 'व्हिंज' ऐकू येत नाही हे बरोबर आहे. इथे 'व्हाइन'शिवाय दोन शब्द फार चालतात आणि दोन्हींचे मूळ दाबण्याशी किंवा आवळण्याशी आहे. 'क्वेच' हा यिडिश भाषेतून, ज्यू स्थलांतरितांबरोबर आला. त्याचा मूळ अर्थ पिळणे, दाबणे. दुसरा 'ग्राइप'. त्याच्या जुन्या इंग्रजी मूळ रूपाचा अर्थ घट्ट पकडणे. पुढे पोटात आवळून येणाऱ्या कळेला, म्हणजे आपण ज्याला मुरडा म्हणतो त्याला, 'ग्राइप' म्हणू लागले, आणि विसाव्या शतकात अमेरिकी बोलभाषेत त्याला कुरकुरण्याचा अर्थ आला. मराठी घरांत हा शब्द जुन्या अर्थानेच पोहोचला आहे. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर दिले जाणारे ग्राइप वॉटर विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार केले होते.

'ग्राइप' आणि 'व्हिंज' यांत मला एक फरक जाणवतो. 'ग्राइप' म्हटले की निदान दुखणे मान्य केलेले असते. एखाद्या संस्थेत सभासदांचे मुख्य 'ग्राइप' कोणते असे विचारता येते आणि त्यांची यादीही करता येते. 'व्हिंज'ची यादी कोणी मागत नाही. ब्रिटिश सैन्यातून आलेला 'ग्राउस' हा शब्द या दोहोंच्या मधला असावा. 1880 च्या दशकापासून तो शिपायांच्या बोलीत सापडतो आणि त्याचे मूळ अनिश्चित आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेलबर्नच्या ताईंनी सांगितलेला मैत्रीतला वापर मला मान्य आहे आणि त्यामुळे माझ्या विधानाला मर्यादा पडते, हेही मान्य आहे. मात्र माणूस स्वतःविषयी हा शब्द वापरतो तेव्हा तो आपल्या बोलण्याचे वजन आधीच कमी करून ठेवतो, हे लक्षात घ्यावे. समोरच्याने काही करावे अशी माझी अपेक्षा नाही, एवढेच ती मैत्रीण सांगत असते. अपेक्षा नसणे हा त्या शब्दाचा गाभा तिथेही टिकून आहे.

वकीलसाहेबांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. त्याला जोडून 'ग्रीव्हन्स' या शब्दाचा उल्लेख करतो. तो ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ 'जड', आणि आपल्या संस्कृत 'गुरु' शब्दाचा तो दूरचा नातलग आहे. कार्यालयांत 'तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी असते, तिथे इंग्रजीत 'ग्रीव्हन्स' लिहिलेले असते ते उचितच आहे. जे माणसावर ओझे होऊन बसले आहे ते उतरवणे हे त्या कक्षाचे काम. 'व्हिंज'मध्ये हे ओझे कोणी पाहतच नाही.

प्रतिसाद, ठाण्याहून

क्रिकेटमधले एक उदाहरण या चर्चेत यायलाच हवे, कारण त्यात दोन्ही देश उलट बाजूंना उभे आहेत. 1932-33 च्या मोसमात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात गेला होता आणि त्याचा कर्णधार होता डग्लस जार्डिन, ज्याचा जन्म आपल्या मुंबईतला. फलंदाजाच्या अंगावर वेगवान चेंडू टाकायचे आणि लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभे करायचे, या डावपेचाला 'बॉडीलाइन' म्हटले गेले. ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल याच्या छातीवर चेंडू बसला. त्यानंतर 18 जानेवारी 1933 रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबला, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या आणि इंग्लंडचा संघ दौऱ्यावर पाठवणाऱ्या संस्थेला, तार करून हा खेळ खिलाडूवृत्तीला धरून नाही असे कळवले.

क्लबने उत्तरात त्या तारेबद्दल खेद व्यक्त केला आणि हवे असल्यास उरलेला दौरा रद्द करण्याची तयारी दाखवली. इंग्लंडमध्ये तेव्हा ऑस्ट्रेलियन लोकांना 'स्क्वीलर' म्हटले गेले. 'स्क्वील' म्हणजे डुकराने किंवा घाबरलेल्या जनावराने किंचाळणे. म्हणजे या वेळी तक्रार ऑस्ट्रेलियाची होती, नाकारणारे इंग्रज होते, आणि तरीही नाकारण्याची रीत तीच राहिली: माणसाचे म्हणणे बाजूला ठेवायचे आणि त्याला जनावराच्या आवाजाचे नाव द्यायचे. फरक एवढाच पडला की ती तक्रार तारेत लिहिलेली होती, मंडळाच्या नावाने गेलेली होती आणि तिला उत्तर देणे भाग होते. पुढील काही वर्षांत अशा गोलंदाजीला आळा घालणारे नियम आले, आणि लेग बाजूला यष्टींच्या मागे किती क्षेत्ररक्षक ठेवता येतील यावर नंतर बंधनही आले. वसतिगृहातल्या कामगार कुटुंबांच्या हाती असे मंडळ नव्हते.

मूळ लेखकाचे उत्तर

हे उदाहरण माझ्या लेखात असायला हवे होते, इतके ते नेमके आहे. आता अनुवादाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. चर्चेनंतर माझे मत असे झाले आहे की 'व्हिंज'साठी एकच मराठी शब्द ठरवून टाकू नये. वाक्यात कोण कोणाविषयी बोलतो आहे ते पाहून निवड करावी. आई मुलाला दटावत असेल तर 'पिरपिर बंद कर'. वसतिगृहातील जेवणावरून लोक बोलत असतील आणि लेखक त्यांच्या बाजूचा नसेल तर 'जेवणावरून त्यांची सदा कुरकुर चाललेली असे'. दोन मैत्रिणींच्या गप्पांत 'मनातली कुरकुर बोलून मोकळे होणे' चालेल. 'व्हिंजर'साठी आपला 'रडतराऊ' चपखल आहे, विशेषतः राजकीय भाषणांत आणि क्रीडावृत्तांत. 'रडगाणे' हा शब्द लांबलेल्या, नेहमीच्याच तक्रारीसाठी राखून ठेवावा, कारण त्यात पुनरावृत्तीचा भाव अधिक आहे.

'व्हिंजिंग पॉम' या जोडशब्दासाठी मात्र मला 'कुरकुरे इंग्रज' हा पर्याय योग्य वाटतो. कोणाला याहून चांगला सुचल्यास अवश्य लिहावे.

प्रतिसाद, मालवणहून

'कुरकुरे' म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर खाण्याचे पाकीट येईल, म्हणून 'किरकिरे इंग्रज' सुचवतो. 'किरकिऱ्या' हा शब्द जुना आहे, माणसाच्या स्वभावालाच लावला जातो आणि त्यात ऐकणाऱ्याचा वैताग स्पष्ट उमटतो.

मूळ लेखकाचे उत्तर

मान्य. 'किरकिरे इंग्रज' हाच पर्याय मी यापुढे वापरीन.